निसेकोचे पहिले आठ दिवस : स्नोबोर्डिंग शिकायला जाणाऱ्यांसाठी

स्नोबोर्डिंग शिकण्यासाठी पहिल्यांदाच परदेशी जाणार असाल, तर जपानच्या होक्काइदो बेटावरील निसेकोचा विचार आवर्जून करावा. सैबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या पश्चिमेकडील डोंगरांना अडताच ते बर्फाच्या रूपाने खाली टाकतात. त्यामुळे निसेकोत एका हंगामात सुमारे 14 मीटर बर्फ पडतो आणि तो पिठासारखा हलका असतो. दुसरे कारण उंचीचे आहे. ज्या निसेको-आन्नुपुरी डोंगराच्या उतारांवर हे सारे चालते, तो 1,308 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा आहे. गुलमर्गला पायथाच 2,600 मीटरच्या वर असल्याने पहिले एक-दोन दिवस धाप लागते. निसेकोत तो त्रास नाही आणि शिकण्याचा पहिला दिवस वाया जात नाही.

मात्र निसेकोची जी कीर्ती आहे, ती गुडघाभर भुसभुशीत बर्फाची, आणि नवशिक्याने नेमके तेथेच जाऊ नये. अशा बर्फात वेग कमी झाला की बोर्डाचे पुढचे टोक रुतते आणि पडल्यावर हात टेकवावा तर तो कोपरापर्यंत आत जातो. शिकायचे असते ते यंत्राने चापून बसवलेल्या, रुंद आणि सौम्य उतारांवर. जपानमध्ये असे उतार नकाशावर हिरव्या रंगाने दाखवतात. लाल मध्यम आणि काळे अवघड. एकाच डोंगरावर हानाझोनो, ग्रँड हिराफू, निसेको व्हिलेज आणि आन्नुपुरी असे चार विभाग आहेत. हिराफूत उपाहारगृहे, दुकाने आणि वर्दळ अधिक. आन्नुपुरीत उतार रुंद आणि गर्दी कमी. मुक्काम कोठेही असो, पहिल्या धड्यांसाठी मी आन्नुपुरीला झुकते माप देईन, कारण मागून वेगाने येणाऱ्यांची भीती नसली की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या पायांवर राहते. चारही विभागांत चालणारा पास पहिल्या तीन दिवसांत घेऊ नये. तेवढ्या काळात एक-दोन लिफ्टच्या, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, पलीकडे जाणे होत नाही.

जानेवारीत बर्फ सर्वांत जास्त पडतो, पण त्याच वेळी दिवसचे दिवस पांढऱ्या धुरकटपणात जातात, उताराचा चढउतार डोळ्यांना कळत नाही आणि नववर्ष व चिनी नववर्षाच्या सुट्ट्यांमुळे खोल्यांचे दर चढलेले असतात. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा पहिला आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. हवा जरा उघडते आणि समोरचा 1,898 मीटर उंचीचा योतेई ज्वालामुखी, ज्याला एझो फुजी असेही म्हणतात, स्पष्ट दिसतो. मार्च पुढे सरकला की दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठून सकाळी फरशीसारखा कडक होतो आणि त्यावर पडणे दुखते, म्हणून फार उशीरही करू नये. बर्फावरचे पाच दिवस आणि मध्ये एक विश्रांतीचा दिवस धरावा, म्हणजे येण्या-जाण्यासह आठ दिवस होतात. टोकियोहून शिन-चितोसे विमानतळ विमानाने सुमारे दीड तासाचा आणि तेथून बस अडीच ते तीन तासांची. हिमवादळात हा वेळ वाढतो, त्यामुळे परतीचे विमान बसच्या वेळेला चिकटून घेऊ नये.

विमा हा तिकिटाइतकाच आवश्यक भाग आहे. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात. कागदपत्रांत ‘स्नोबोर्डिंग’ हा शब्द स्पष्ट आहे का, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, आणि आखलेल्या उतारांबाहेर गेल्यास संरक्षण संपते का, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

बोर्ड, बूट आणि हेल्मेट भाड्याने घ्यावे. पहिल्या सहलीसाठी विकत घेणे शहाणपणाचे नाही. अंगाला लागून असणारे थर मात्र स्वतःचे असावेत, आणि त्यांत सुती कापड मुळीच नसावे, कारण घामाने ओले झालेले सूत अंगावर गार पडते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट, एवढे पुरते. मोजे एकच जोडी घालावी. दोन जोड्यांनी ऊब वाढण्याऐवजी पाय आवळून रक्ताभिसरण मंदावते. बूट घालून उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवताना टाच उचलली जाऊ नये. टाच उचलली जात असेल तर संकोच न करता दुसरा बूट मागावा, कारण बोर्ड वळवण्याची सारी आज्ञा टाचेतून आणि चवड्यातून जाते. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाच्या दुखापती फार असतात, म्हणून मनगटाचे संरक्षक पट्टे घरूनच न्यावेत. ढगाळ दिवसांसाठी गॉगलची काच फिकट पिवळी किंवा गुलाबी असावी.

निघण्यापूर्वी सहा आठवडे तरी मांड्या, पोटऱ्या आणि पोटाचे स्नायू यांचा व्यायाम करावा. त्याबरोबरच जमिनीवर बसून पुन्हा उठणे दररोज वीस-पंचवीस वेळा करावे. पहिल्या दिवशी थकवा घसरण्याने येत नाही, उठण्याने येतो. पुढे कोणता पाय राहणार हेही घरीच पाहता येते. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरावे आणि सहज जो पाय पुढे जाईल तो बोर्डावरही पुढे ठेवावा. डावा पुढे असेल तर त्या ठेवणीला रेग्युलर आणि उजवा असेल तर गूफी म्हणतात.

पहिले तीन दिवस प्रशिक्षकाकडे द्यावेत. इंग्रजी बोलणारे प्रशिक्षक निसेकोत बरेच आहेत, पण त्यांच्या वेळा लवकर भरतात, म्हणून विमानाबरोबरच धडेही ठरवावेत. प्रशिक्षक आधी एकच पाय बांधून सपाटीवर चालायला लावेल, मग दोन्ही पाय बांधून बोर्ड उताराला आडवा ठेवून हळूहळू खाली घसरायला शिकवेल. तोंड दरीकडे असेल तर टाचेकडची कड बर्फात रोवलेली असते, तोंड डोंगराकडे असेल तर चवड्याकडची. येथे एकच नियम मनावर कोरून घ्यावा: उताराच्या खालच्या बाजूची कड नेहमी किंचित उचललेली असली पाहिजे. ती बर्फात अडकली की माणूस क्षणात आपटतो, आणि पहिल्या दिवसाचे जवळजवळ सगळे जोराचे आपटणे याच चुकीतून होते. पडताना मुठी मिटून कोपरापर्यंतचे हात टेकवावेत. पाठीवर पडत असल्यास हनुवटी छातीला लावून आधी बसावे आणि मग मागे कलावे.

सह्याद्रीत भटकंती केलेल्यांना येथे एक विशेष अडचण येते, आणि तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. घसाऱ्यावरून उतरताना आपण शरीर डोंगराकडे झुकवतो, वजन मागे ठेवतो, प्रसंगी बसून सरकतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते अंगात मुरलेले असते. बोर्डावर वळण घेताना मात्र वजन पुढच्या पायावर, म्हणजे दरीच्या दिशेला न्यावे लागते. ते मागे राहिले की बोर्डाचे पुढचे टोक हलके होते, वळण सुरूच होत नाही आणि बोर्ड सरळ खाली धावू लागतो. मग भीतीने माणूस आणखी मागे झुकतो आणि वेग आणखी वाढतो. उपाय असा की, वळणापूर्वी पुढचा गुडघा जाणीवपूर्वक वाकवावा, पुढचा खांदा उताराकडे सोडावा आणि नजर पायांवर न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवावी. बोर्ड नाक खाली करून सरळ होतो तो सेकंदभराचा काळ भयंकर वाटतो, पण त्या सेकंदात पुढच्या पायावर टिकून राहिले तर वळण आपोआप पूर्ण होते. हे एकदा साधले की उरलेले शिकणे झपाट्याने होते, म्हणून सौम्य उतारावर ते पन्नास वेळा करावे आणि मगच वर जावे.

चेअरलिफ्टवर मागचा पाय मोकळा ठेवतात. उतरताना बोर्ड सरळ पुढे ठेवून मोकळा पाय दोन्ही बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये टेकवावा, उभे राहावे आणि वळण्याचा प्रयत्न न करता सरळ जाऊ द्यावे. पडल्यास मागच्यांच्या वाटेतून लगेच सरकावे.

उतारावर आपल्या खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला असतो. विसावा उताराच्या कडेला घ्यावा, अरुंद वळणाखाली किंवा उंचवट्यामागे कधीही बसू नये. निसेकोत आखलेल्या हद्दीबाहेर जाण्यासाठी ठरावीक फाटके आहेत आणि दोरीखालून जाणाऱ्याचा पास काढून घेतला जातो. हा नियम कडक असण्याला कारण आहे: बाहेर हिमस्खलनाचा धोका असतोच, शिवाय झाडांच्या बुंध्याभोवती साठलेल्या मोकळ्या बर्फात पोकळी राहते आणि तिच्यात डोक्यावर पडलेला माणूस स्वतःहून निघू शकत नाही. पहिल्या सहलीत झाडांमध्ये शिरू नये.

शाकाहाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की दाशी नावाचा रस्सा बहुधा माशापासून करतात आणि तो मिसो सूपमध्ये, नूडल्समध्ये, भाज्यांतही असतो. कोरड्या चटण्या आणि चिवडा बरोबर असावा. ताजी फळे व मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून दर तासाला पाणी प्यावे. संध्याकाळी बुटांचे आतले अस्तर काढून वाळत घालावे आणि मग गरम पाण्याच्या ओन्सेनला जावे. तेथे आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि विवस्त्र होऊनच कुंडात उतरायचे असते.

शेवटच्या दिवशी जेवणानंतर दोन-तीन फेऱ्या करून थांबावे. त्या वेळी मांड्या थकलेल्या असतात, उतार दिवसभरात खरवडला गेलेला असतो आणि आता येऊ लागले आहे या आनंदात वेग नकळत वाढतो. चार वाजण्यापूर्वी बोर्ड दुकानात परत करून दुसऱ्या दिवसाच्या बसची वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी.