पंप पाटावर धुऊ नका; मिरगाआधी खड्डा करा

मिरगाला जेमतेम तीन आठवडे राहिले. कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) तयारी सुरू असेल, काजूच्या उतारावर तणनाशकाचीही. फवारणी झाल्यावर पंप पाटात विसळू नका. विहिरीच्या काठावर तर नकोच नको.

गोव्यातल्या सत्तरीत हे मी किती वेळा पाहिलंय! वरच्या अंगाला कोणी २,४-डी या तणनाशकाचा पंप पाटात धुतो आणि खालच्या वाफ्यातली काकडी, दोडकी, मिरची पानं मुरडून बसते. शेतकऱ्याला वाटतं व्हायरस आला. दुकानदार पांढऱ्या माशीचं महागडं औषध हातात ठेवतो. वेल जातो तो जातोच.

हे धुवण मातीतल्या जीवाणूंच्या हवाली करा. स्वीडनमधले शेतकरी १९९३ पासून त्यासाठी पेंढा-माती भरलेला खड्डा वापरतात. हवेशीर, ओलसर मातीत २,४-डी साधारण आठवड्या-दहा दिवसांत निम्मं होतं. हवा नसलेल्या पाण्यात महिनोन्‌महिने राहतं.

खड्डा असा:
- विहीर-पाटापासून लांब, उंचवट्यावर
- तळाला १० सेंमी चिकणमाती थापून
- वर ६० सेंमी मिश्रण: दोन घमेली पेंढ्याचे तुकडे, एक कंपोस्ट, एक माती
- माथ्यावर गवत

माती काजूखालची घ्या, जिथे तणनाशक पूर्वी मारलंय. तिथले जीवाणू सरावलेले असतात, असा माझा अनुभव. पोफळीखालची नको, तिथे मोरचुदाचं तांबं साठलेलं असतं.

आणि छप्पर! आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस. उघडा खड्डा तुंबला की जीवाणू गुदमरतात आणि विष वाहून पुन्हा पाटातच जातं. मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा.

‘विष खाणारे जीवाणू’ म्हणून बाटल्या विकायला येतील. पेंढा-कंपोस्ट नसेल तर ते उपाशी मरतात. असेल तर बाटलीची गरजच नाही.

तांबं मात्र कुठलाच जीवाणू संपवू शकत नाही. म्हणून बोर्डोचं धुवण खड्ड्यात नको, पोफळींवरच फवारून टाका.

बोर्डो १ टक्का:
- मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर
- पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी

खड्ड्यातलं मिश्रण महिनाभर मुरावं लागतं. आज भरलंत तर जूनच्या मध्यानंतर वापरता येईल. तोवर तणनाशकाचा पंप तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्याच तणावर मारा.