टेनिसमधलं सातत्य मोजायचंय? आधी गैरहजेरीचा हिशेब लावा

सातत्य म्हणजे किती ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकले, हे आधी डोक्यातून काढून टाका. २४, २२, २० हे जोकोविच, नदाल, फेडररचे आकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत आणि ते फक्त यश सांगतात. सातत्य म्हणजे ज्या पंधरवड्यात फोरहँड लागत नव्हता, ड्रॉ (कोण कुणाशी भिडणार ती मांडणी) वाईट पडला होता, पाठ धरली होती, तेव्हासुद्धा गडी कुठपर्यंत पोचला. ते मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त एका जागी सगळे घसरतात, मीही घसरलो होतो.

१. तक्ता आखा. वर्षाला एक ओळ, चार रकाने: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, यूएस. एक्सेल घ्या नाहीतर चौकडीची वही, काही फरक पडत नाही.

२. प्रत्येक चौकटीत कुठपर्यंत पोचला ते लिहा. जिंकलेल्या मॅचेसची संख्या लिहू नका. आज विजेत्याला ७ मॅचेस जिंकाव्या लागतात पण सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियात ड्रॉ लहान असायचा, त्यामुळे तिथला विजेता उगाच मागे पडतो. फेऱ्या शेवटाकडून लिहा: विजेता, फायनल, सेमी, क्वार्टर, बाकी सगळं 'आधीच बाहेर', शेजारी फेरी. मॅच न खेळता माघार घेतली तरी पोचलेली फेरी पकडायची, म्हणजे २०२२ च्या विम्बल्डनला नदाल पोटाच्या दुखापतीने सेमी खेळलाच नाही तरी चौकटीत सेमीच. आणि २०२० च्या यूएस ओपनला जोकोविचचा बॉल लाइन जजला लागला न् त्याला बाहेर काढलं, तिथे 'आधीच बाहेर, चौथी फेरी' असं मुकाट्याने लिहायचं, हळहळ वेगळ्या रकान्यात.

३. रिकामी चौकट. इथे सावकाश वाचा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा न खेळलेल्या स्पर्धेला सरळ शून्य टाकलं. निकाल काय, तर ६ फ्रेंच आणि ५ विम्बल्डन जिंकलेला स्वीडनचा ब्योन बोर्ग माझ्या शीटमध्ये कुठल्यातरी क्वार्टर फायनलवाल्याच्या शेजारी जाऊन बसला, कारण हा माणूस ऑस्ट्रेलियन ओपनला आयुष्यात एकदाच गेला, १९७४ साली. तेव्हा बरेच मोठे खेळाडू तिकडे जायचेच नाहीत, प्रवास लांबचा, दिवस नाताळ-नववर्षाचे आणि बक्षीसही त्या मानाने कमी. त्या काळच्या खेळाडूला त्यासाठी शून्य देणं म्हणजे तेव्हाच्या लोकांना आजचे नियम लावणं.

मग मी दुसरं टोक गाठलं. चौकटी रिकाम्याच सोडल्या. एक्सेल सरासरी काढताना रिकामी चौकट मोजतच नाही, त्यामुळे आकडे एकदम देखणे दिसायला लागले आणि मी मोठ्या ऐटीत मित्रांच्या ग्रुपवर टाकलं की ख्रिस एव्हर्टच्या सलग ३४ सेमी, फेडररच्या सलग २३, विषय संपला. पाच मिनिटांत एकाने विचारलं, "सलग ना? मग १९७६, ७७, ७८ चं फ्रेंच कुठंय रे?" नव्हतंच. ती तीन वर्षं एव्हर्ट वर्ल्ड टीम टेनिस (अमेरिकेतली सांघिक लीग) खेळत होती, पॅरिसला गेलीच नाही.

त्या रात्री बसून परत मोजलं. १९७१ चं यूएस ओपन ते १९८३ चं फ्रेंच या काळात एकूण ४७ स्लॅम झाले (१९७७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा झालं, जानेवारीत आणि डिसेंबरात, ते विसरू नका). त्यातले १३ ती खेळली नाही, ९ ऑस्ट्रेलियन आणि ४ फ्रेंच. उरलेल्या ३४ मध्ये प्रत्येक वेळी किमान सेमी, मग १९८३ च्या विम्बल्डनला तिसऱ्या फेरीत कॅथी जॉर्डनने अडवलं. म्हणजे ३४ हा आकडा खराच आहे, पण तो 'खेळलेल्यांपैकी सलग'. कॅलेंडर धरून, एकही स्पर्धा न चुकवता बघितलं तर त्या ३४ मधली सगळ्यात लांब साखळी ९ ची निघते, १९८१ च्या फ्रेंचपासून. गंमत म्हणजे नंतर १९८४ चं फ्रेंच ते १९८६ चं यूएस अशी ११ ची साखळी तिने केली, ती जास्त लांब आहे आणि तिचं नाव कुणी काढत नाही.

फेडररच्या २३ सेमी मात्र कॅलेंडरवाल्या आहेत, विम्बल्डन २००४ ते ऑस्ट्रेलियन २०१०, मध्ये एकही भोक नाही. दोन्ही आकड्यांना आपण 'सलग'च म्हणतो आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तर नियम असा: प्रत्येक खेळाडूच्या दोन साखळ्या काढायच्या, एक कॅलेंडरची, एक खेळलेल्या स्पर्धांची, आणि त्या एका ओळीत कधीच शेजारी ठेवायच्या नाहीत. शिवाय रिकाम्या चौकटीत कारण लिहायचं. मी 'म' मर्जीसाठी, 'दु' दुखापतीसाठी, 'बं' बंदीसाठी लिहितो आणि स्पर्धाच झाली नसेल तर फुली, जसं १९८६ चं ऑस्ट्रेलियन किंवा २०२० चं विम्बल्डन. फुलीने कुठलीच साखळी तुटत नाही. 'बं' ने पण तोडू नका: १९७४ मध्ये अमेरिकेच्या जिमी कॉनर्सने बाकीचे तिन्ही स्लॅम जिंकले पण फ्रेंचने त्याला खेळूच दिलं नाही, ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर तर प्रोफेशनल झाला म्हणून १९६३ ते ६७ अशी पाच वर्षं बाहेर होता (तेव्हा स्लॅम फक्त हौशी खेळाडूंसाठी होते).

दुखापतीने मात्र कॅलेंडरची साखळी तुटते, नदालवाल्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी. अंग टिकवणं हा सातत्याचाच भाग आहे, फेडरर २००० ते २०१६ सलग ६५ स्लॅम खेळला ते उगाच नाही. आणि २०२२ मध्ये जोकोविचचं ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपन हुकलं ते माझ्या शीटमध्ये 'म' आहे. कोविडची लस न घेण्याचा निर्णय त्याचा होता. यावर भांडायला येणारे येतात, मी शीट बदलत नाही.

४. सरासरी नको, मधला आकडा घ्या. सगळे निकाल उतरत्या क्रमाने लावा आणि बरोब्बर मध्ये काय येतं ते बघा. फेडररची सलग ३६ क्वार्टरची साखळी (विम्बल्डन २००४ ते फ्रेंच २०१३) उघडली की आत १५ विजेतेपदं, ७ हरलेल्या फायनल, ९ सेमी आणि ५ क्वार्टर निघतात. म्हणजे मधला निकाल फायनल! नऊ वर्षं ह्या माणसाचा 'साधारण' स्लॅम म्हणजे फायनल होता. जोकोविचच्या सलग २८ (विम्बल्डन २००९ ते फ्रेंच २०१६) मध्ये ११ विजेतेपदं, ७ फायनल, ६ सेमी, ४ क्वार्टर, मधला निकाल तोच. सातत्यात दोघं किती जवळ आहेत ते साखळीच्या लांबीवरून कळत नाही, असं उघडून बघितल्यावर कळतं.

उलट नदालची २०१३ ची ओळ बघा: खेळलाच नाही, विजेता, पहिली फेरी, विजेता. दोन स्लॅम जिंकलेलं भन्नाट वर्ष, पण ह्याला सातत्य म्हणू नका, दुसरा शब्द शोधा. त्याचा फ्रेंचचा रकाना तेवढा वेगळा काढा, ११२ विजय ४ पराभव, तिथे सातत्याची व्याख्याच संपते.

५. काळाची एक टीप जोडा. २००१ च्या विम्बल्डनपासून ३२ सीडिंग आलं (सीडिंग म्हणजे वरचे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत अशी सोय), त्याआधी १६ होती, त्यामुळे पूर्वी पहिल्याच फेरीत तगडा गडी समोर यायचा. आणि १९७४ पर्यंत चारपैकी तीन स्लॅम गवतावर होते. याचे गुण वगैरे द्यायच्या फंदात पडू नका, टीप लिहा आणि पुढे चला.

सरावाला आधी स्टेफी ग्राफ घ्या, १९८७ चं फ्रेंच ते १९९० चं फ्रेंच, सलग १३ फायनल, मध्ये एकही रिकामी चौकट नाही, अर्ध्या तासात होईल. एव्हर्ट आणि कॉनर्सला रविवार मोकळा असेल तरच हात लावा.