डिप्लोमा करून भोसरी-चाकणला येताय? मग हे वाचा

दरवर्षी रिझल्ट लागला की गावाकडून एखाद्या पोराचा फोन येतोच, दादा डिप्लोमा झाला, मेकॅनिकल, तिकडं काही असेल तर बघ. बघतो मी. चिकटवून देणं तसं अवघड नाहीये, पण चार-पाच वर्षांनी तोच पोरगा त्याच टेबलवर व्हर्नियर (मापं घ्यायची पट्टी) धरून बसलेला दिसतो आणि विचारतो की दादा माझं पुढं काहीच का होईना. त्याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

मी २०११ ला आलो. भोसरीत कॉट बेसिस, म्हणजे भाडं फक्त खाटेपुरतं, एका खोलीत पाच जण, त्यातले दोघं नाईटला त्यामुळे झोपायला जागा मिळायची. कामाला लागलो फायनल इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार पार्टची शेवटची तपासणी, ट्रेनी. काम काय तर पार्ट उचल, गो-नोगो गेज घाल (एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये), ओके तर हिरव्या क्रेटमध्ये, नाहीतर लाल. आठ-नऊ महिने हेच. आणि खरं सांगतो, फर्स्ट क्लास असून मला ड्रॉइंग नीट वाचता येत नव्हतं. लिमिट्स-फिट्सवर (माप किती कमीजास्त चालतं त्यावर) मार्क मिळवलेले, पण ड्रॉइंगवर २५ एच७ म्हणजे बोअर, पार्टमधलं गोल भोक, २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्येच पाहिजे, सगळी मिळून २१ मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जागा, हे डोक्यात नव्हे हातात उतरायला वर्ष गेलं.

मग एकदा कस्टमरकडून कंप्लेंट आली. आमच्याच पार्टच्या बोअरमध्ये त्यांच्याकडं गो गेज जाईना, आमच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं ओके. अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना माहितीये, प्रॉडक्शनवाले क्वालिटीकडं बोट दाखवतात, क्वालिटीवाले गेजकडं, आणि कस्टमरकडं जाऊन हजारभर पार्ट सॉर्ट करायला कुणीतरी ट्रेनी पाठवतात. तो मी. तीन दिवस तिथं स्टुलावर बसून एकेक पार्ट चेक केला, शिव्या खाल्ल्या, पण कंटाळा घालवायला म्हणून प्रत्येक खराब पार्टवरचा शिफ्टचा पंच (कुठल्या शिफ्टला बनला त्याची ठोकलेली खूण) वहीत लिहीत गेलो. जवळपास सगळे थर्ड शिफ्टचे, रात्रीचे निघाले!

परत आल्यावर कुणी सांगितलेलं नसताना एक रात्र थर्डला थांबलो. ऑपरेटर मामा वीस वर्षं जुने, चहा पाजल्यावर म्हणाले, अरे रात्री कूलंट (मशीनवर पार्ट थंड ठेवणारं पाणी) कमी पडतं, टाकी भरायला माणूस नाही, पार्ट हाताला चटका देतो. आणि इन्स्पेक्टर तोच गरम पार्ट लगेच मोजत होता. स्टील गरम झालं की बोअर मोठा दिसतो, २५ च्या बोअरला २० डिग्रीचा फरक म्हणजे साधारण ६ मायक्रॉन. रात्री २५.००४ दिसलेला पार्ट थंड झाला की २४.९९८. संपला विषय.

उपाय पण साधाच झाला, टाकीची जबाबदारी ठरवली आणि पार्ट ग्रॅनाइट सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट दगडी टेबलवर) थंड होऊ देऊन मगच मोजायचा. एट-डी रिपोर्ट, म्हणजे कंप्लेंटचं कारण आणि उपाय कस्टमरला लिहून द्यायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट, साहेबांनी केला, नाव त्यांचंच लागलं, मला तेव्हा लई राग आलेला. पण पुढच्या कस्टमर मीटिंगला त्यांनी मला सोबत नेलं कारण आकडे माझ्या वहीत होते. तिथून माझी गाडी हलली असं मी मानतो. पुढं तीन इंटरव्ह्यूत हाच किस्सा सांगितला आणि तिन्ही ठिकाणी समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकून ऐकायला लागला.

म्हणून पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, दहा रुपयाची वही घ्या. तारीख, पार्ट, काय बिघडलं, का बिघडलं, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं. अप्रेझलला साहेब विचारतो वर्षभर काय केलंस, तेव्हा "सगळं केलं सर" म्हणणाऱ्याला सगळ्यांइतकीच वाढ मिळते. आणि कंप्लेंटच्या कामाला नको म्हणू नका, कुणालाच ते नको असतं म्हणूनच ते तुमच्या वाट्याला येतंय.

कोर्सचं म्हणाल तर ऑटोमोबाईलमध्ये पाच गोष्टी यायलाच पाहिजेत, एपीक्यूपी (नव्या पार्टचं क्वालिटी प्लॅनिंग), पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाईल), एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधणं), एमएसए (मोजमापावर किती भरवसा ठेवायचा ते तपासणं), एसपीसी (आकड्यांवरून प्रोसेसवर लक्ष ठेवणं). आयएटीएफ १६९४९, म्हणजे ऑटोमोबाईलच्या क्वालिटी स्टँडर्डच्या ऑडिटमध्ये हेच सगळं विचारतात. पण नोट्स जुन्या नकोत, २०१९ च्या नव्या एफएमईए मॅन्युअलमध्ये आरपीएन (धोक्याचे तीन आकडे गुणून येणारा नंबर) काढून ॲक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं ते हाय-मीडियम-लो) आणलीये आणि काही क्लासवाले अजून आरपीएनच शिकवतात. सर्टिफिकेट नंतर घ्या, आधी कंपनीतली एखादी जुनी पीपॅप फाईल मागून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, कुणी नाही म्हणत नाही.

डिग्रीबद्दल माझं मत बदललंय. आधी म्हणायचो काय करायचीये. पण मोठ्या कंपन्यांत एचआरच्या चाळणीतच डिप्लोमावाला खाली पडतो, माझं दोनदा झालं. घरची परिस्थिती असेल तर डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन बीई करूनच या. नसेल तर रडत बसू नका, वही आहे.

जॉब बदलताना सीटीसीला (कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याला) भुलू नका, हातात किती आणि बस-कँटीनचे किती कापणार ते विचारा. पीएफ काढून गाडी घेऊ नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्सचं लफडं होतं आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. मी पहिल्या बदलाला काढला होता, गाडी कधीच विकली.

आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडंही जमा करू नका. पहिल्या ठिकाणी मी केलेली, सोडताना परत मिळवायला चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी ठेवणारा माणूस जेवायला गेलेला. दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल तिथल्या तिथं बॅगेत टाका.