एलएनबी आधी तापू द्या, मग फ्रिक्वेन्सी जुळवा

क्यूओ-१०० हा हौशी रेडिओवाल्यांचा पहिला भूस्थिर ट्रान्सपाँडर, म्हणजे जमिनीवरून आलेला संकेत पुन्हा खाली पाठवणारं यंत्र. कतारच्या एस-हेल-२ या उपग्रहावर तो बसवलेला आहे. उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ रोजी सुटला आणि आता २५.९ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. पुण्याच्या गच्चीवरून तो पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर सापडतो. त्यावर बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना हवाच. हा लेख ऐकण्यापुरता आहे.

नव्याने ऐकणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते: आवाज लागतो आणि दोन मिनिटांत सरकून जातो. डिश हलवू नका. सरकतोय तो एलएनबीतला स्फटिक. एलएनबी म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेला, उपग्रहाचा संकेत खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा.

आधी एलएनबीवरचं लेबल वाचा. ९.७५ गिगाहर्ट्झचा ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग) असलेला, पीएलएल जातीचा, म्हणजे स्फटिकाला बांधून फ्रिक्वेन्सी धरणारा एलएनबी हवा. जुने डीआरओ जातीचे, म्हणजे स्फटिकाशिवाय चालणारे एलएनबी इथे कामाचे नाहीत, त्यांची फ्रिक्वेन्सी फारच भटकते. पीएलएलमध्ये साधारणपणे २५ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी ३९० पट होऊन ९७५० मेगाहर्ट्झ बनते. चूकही तेवढीच पट वाढते, सगळी मेख इथेच आहे. स्फटिक नुसता ३१ हर्ट्झने चुकला, तरी तुमच्या पडद्यावर १२ किलोहर्ट्झचा फरक दिसतो. एसएसबीचा (हौशी रेडिओवाले बोलायला वापरतात त्या अरुंद पद्धतीचा) आवाज जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे तो केव्हाच हातातून निसटलेला असतो.

आता जोडणी. आपण ऐकतोय त्या बँडचं प्रसारण उभ्या ध्रुवीकरणात येतं आणि एलएनबी व्होल्टेजवरून ध्रुवीकरण निवडतो, म्हणून त्याला १२-१३ व्होल्ट पुरेत. हे व्होल्टेज एसडीआर डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमध्ये, जाता कामा नये. मध्ये बायस-टी (केबलमधून एलएनबीला वीज देणारा जोड) लावा आणि डोंगलकडच्या टोकाला डीसी अडवला जातोय, हे मीटरने तपासूनच केबल जोडा. घाईत डोंगल जळतो.

वीज सुरू केली की घड्याळ बघा आणि किमान अर्धा तास कशालाही हात लावू नका. एलएनबी आणि डोंगल दोघेही आपापल्या उष्णतेने तापत असतात. डोंगलमध्ये १ पीपीएमचा (दहा लाखांत एक इतक्याच चुकीचा) टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारा स्फटिक असेल, तर एलएनबीतून खाली येणाऱ्या सुमारे ७४० मेगाहर्ट्झवर त्याची चूक पाऊण किलोहर्ट्झच्या आसपासच राहते. खरा गुन्हेगार गच्चीवर आहे.

या अर्ध्या तासात १०४८९.७५० मेगाहर्ट्झवरचा मधला बीकन (उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा संकेत) वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर शोधा आणि दर पाच मिनिटांनी तो कुठे दिसतो ते वहीत लिहा. ही वही मला फार मोलाची वाटते. सुरुवातीला आकडे झपाट्याने बदलतात, मग फरक कमी होत जातो. लागोपाठ तीन नोंदींत शंभर-दोनशे हर्ट्झचाच फरक राहिला, की संच स्थिरावला असं धरा.

दुरुस्ती त्यानंतरच. समजा, बीकन १०४८९.७६२ वर दिसतोय, म्हणजे १२ किलोहर्ट्झ वर. सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५० ऐवजी ९७४९.९८८ लिहा, बीकन जागेवर येईल. थंड संचावर हीच दुरुस्ती केली, तर तासाभराने ती पुन्हा करावी लागते.

स्थिरावल्यावरही ऊन-सावलीचा खेळ चालूच राहतो. ढग आला, श्रावणातली सर येऊन गेली, संध्याकाळ झाली, की बीकन पुन्हा सरकतो. एलएनबीच्या अंगाभोवती पातळ फोम गुंडाळा. तोंड मात्र मोकळं ठेवा. त्यामुळे तापमान हळूहळू बदलतं आणि सरकणंही संथ होतं. एसडीआर कन्सोल या सॉफ्टवेअरमध्ये बीकनला धरून राहण्याची सोय आहे, ती सुरू केली की उरलेलं सरकणं सॉफ्टवेअर स्वतःच भरून काढतं. बहुतेकांना एवढं पुरतं.

त्याहून पक्कं हवं असेल तर जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या वेळेवरून अचूक फ्रिक्वेन्सी देणारं यंत्र. बाहेरून संदर्भ घेऊ शकणाऱ्या एलएनबीला त्यातून २५ मेगाहर्ट्झ द्यायचे. जीपीएसडीओची अँटेना मोकळ्या आकाशाखाली ठेवा. त्यात ओसीएक्सओ (छोट्या भट्टीत एकाच तापमानावर ठेवलेला स्फटिक) असेल तर त्यालाही तापायला वेळ द्या: आतली भट्टी ठरल्या तापमानाला पोचून जीपीएसचं लॉक मिळेपर्यंत त्याच्या आकड्यावर भरवसा नको.

वीज जाते त्या गावांत एलएनबी, डोंगल आणि जीपीएसडीओ तिन्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवावेत, डोंगलला ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावून. नाहीतर दिवे परत आले की वहीत पहिल्या नोंदीपासून सुरुवात.