कर्नलच्या एका वॉर्निंगसाठी पूर्ण बिल्ड मारू नका

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड मारला, म्हणजे सोर्सवरून कंपाइल केला, की कंपायलरच्या वॉर्निंग भराभर वर निघून जातात आणि परत मेक (बिल्डची कमांड) केलं तर दिसतच नाहीत, कारण ती फाइल आधीच कंपाइल झालेली असते. घणसोलीच्या रूमवर मी यापायी रात्री सगळं क्लीन करून परत बांधायचो, लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावायचा. त्यापेक्षा हे करा:

1. पहिल्याच बिल्डला स्टँडर्ड एरर (जिथे वॉर्निंग छापल्या जातात तो आउटपुट) वेगळ्या फाइलमध्ये वळवा.
2. वॉर्निंगवाल्या सी फाइलला टच करा (म्हणजे तिची वेळ बदलून ती परत कंपाइल होईल), मेकला डब्ल्यू=1 (जास्तीच्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय) देऊन फक्त तिचीच ओ फाइल, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, बनवा.
3. 'नो प्रीव्हियस प्रोटोटाइप' (फंक्शन आधी डिक्लेअर केलेलं नाही) आलं आणि फंक्शन त्याच फाइलपुरतं असेल तर स्टॅटिक लावा, बाहेरही वापरात असेल तर हेडरमध्ये डिक्लेअर करून तो हेडर इथेपण इन्क्लूड करा, हेच राहून जातं बऱ्याचदा.

सेक्शन मिसमॅच (कायम राहणाऱ्या कोडमधून फक्त बूटपुरत्या, म्हणजे इनिट खूण लावलेल्या कोडला कॉल) मात्र शेवटी मॉडपोस्टमध्येच, म्हणजे बिल्डच्या शेवटच्या तपासणीत, कळतं, त्याला पूर्ण मेक लागतोच. कॉल करणारं फंक्शन फक्त बूटच्या वेळी चालत असेल तर त्यालाही इनिट लावा, नाहीतर ज्याला कॉल होतोय त्याचं इनिट काढा. उगाच रेफ (ही तपासणी टाळणारी खूण) लावून वॉर्निंग गप्प करू नका, बूटनंतर इनिटची मेमरी मोकळी होते आणि मग तिकडे कॉल गेला की कर्नल कोसळतो.