शोधनिबंधाचं इंग्रजी: 'भाषा सुधारा' असा शेरा आल्यावर या चुका टाळा

नियतकालिकाला पाठवलेल्या शोधनिबंधावर परीक्षकाचं उत्तर येतं. पहिल्या दोन ओळींत विषयाचं कौतुक आणि तिसरीत 'द इंग्लिश नीड्स इम्प्रूव्हमेंट'. मग आपण निबंध व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतो, ओळखीतल्या इंग्रजीच्या सरांना दाखवतो, 'अ' आणि 'द' जागच्या जागी बसवतो आणि पुन्हा पाठवतो. दोन महिन्यांनी तोच शेरा परत.

पीएच.डी. करणाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे नेहमी येतात. बरेचजण मराठी माध्यमातून आलेले, आणि त्यांचं व्याकरण त्यांना वाटतं तेवढं वाईट नसतं. परीक्षकाला एकेक वाक्य कळतं, पण लेखक कुठे निघालाय ते कळत नाही. नेमकं काय खटकतंय हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो, म्हणून तो 'इंग्लिश' असं लिहून मोकळा होतो. तेव्हा हा शेरा म्हणजे निदान नव्हे, नुसती ताप असल्याची तक्रार आहे. ताप कशाचा ते आपण शोधायचं.

कणा मोडून सुरुवात करा

'ॲग्रिकल्चर इज द बॅकबोन ऑफ इंडियन इकॉनॉमी.' शेतीशी दुरूनही संबंध असलेला दर दुसरा मसुदा इथून सुरू होतो. शाळेतल्या निबंधातून हे वाक्य थेट प्रबंधात उतरलेलं असतं. त्यात चूक काहीच नाही, फक्त ते वाचून कुणाला काहीही नवं कळत नाही.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९८१ साली शोधनिबंधांच्या ४८ प्रस्तावना समोर ठेवून लेखक नेमक्या कोणत्या चाली खेळतात ते तपासलं. तेव्हा त्याने चार चाली मांडल्या होत्या. १९९० च्या 'जॉनर ॲनालिसिस' या पुस्तकात त्या तीनवर आल्या. आधी शिवार दाखवायचं, म्हणजे या विषयावर काय काम झालंय आणि ते का महत्त्वाचं आहे. मग त्यातला पडीक तुकडा दाखवायचा, म्हणजे काय कळलेलं नाही किंवा कुठे मतभेद आहेत. आणि शेवटी तो तुकडा आपण कसा कसणार ते सांगायचं. शिवार आणि तुकडा हे शब्द माझे आहेत, पण स्वेल्सही जमिनीच्याच भाषेत बोलतो.

आपले मसुदे अडखळतात ते दुसऱ्या चालीत. समजा विषय आहे नाशिकच्या द्राक्षबागांतला केवडा हा रोग. शिवार दाखवताना लेखक तीन पानं घेतो: द्राक्षाचा इतिहास, जगातलं उत्पादन, भारतातलं, महाराष्ट्रातलं, मग जिल्ह्यातलं. आणि पडीक तुकडा म्हणून एकच वाक्य येतं, की नाशिक जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही. परीक्षक मनात म्हणतो, बरं मग? धुळ्यातही झाला नसेल.

जागा बदलली म्हणून अभ्यास नवा होत नाही. जागेमुळे काय बदलतं ते सांगावं लागतं. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. युरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, इथे तशी जात नाही. ऑक्टोबर छाटणीनंतरची कोवळी फूट आणि परतीचा पाऊस एकत्र आले की केवड्याला आयतं रान मिळतं. म्हणजे थंड हवामानातल्या बागांवर बेतलेला रोगाचा अंदाज इथे जसाच्या तसा लागू होईल का, हा खरा प्रश्न आहे. हाच पडीक तुकडा. तो दुसऱ्या परिच्छेदात आला तर परीक्षक पुढे वाचेल. तो प्रबंधाच्या ४० व्या पानावर पुरलेला असतो आणि विद्यार्थ्याला तिथे खजिना आहे याचा पत्ताही नसतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

स्वतःची प्रस्तावना तपासायची असेल तर 'हाउएव्हर', 'बट', 'येट', 'लिटल इज नोन' असं काही त्यात कुठे आहे का ते शोधा. पहिल्या पानावर असं एकही वळण नसेल तर बहुधा तुकडा दाखवलेलाच नाही.

सिद्ध काय झालं?

मराठी प्रबंधाच्या शेवटी 'यावरून असे सिद्ध होते की' हे वाक्य इतकं सवयीचं आहे की इंग्रजीत त्याचं 'धिस प्रूव्ह्ज दॅट' कधी झालं ते कळतही नाही. साठ शेतकऱ्यांच्या प्रश्नावलीतून काहीही सिद्ध होत नाही. एखादा कल दिसतो, इतकंच. इंग्रजीत त्यासाठी 'सजेस्ट', 'इंडिकेट', 'अपिअर' अशी क्रियापदं आहेत, 'मे' आहे. या सावधपणाला 'हेजिंग' म्हणतात. भाषाभ्यासक केन हायलंड यांनी त्याचा बराच अभ्यास केलाय आणि विज्ञानापेक्षा मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत ते जास्त आढळतं असं दाखवलंय.

आपल्याला हे नवं नाही. 'पाऊस झाला', 'पाऊस झाला असावा' आणि 'पाऊस झाला असं म्हणतात' यांतला फरक शेंबडं पोरही जाणतं. फक्त मराठीत तो क्रियापदाच्या शेपटाला लागतो आणि भाषांतर करताना शेपूट गळून पडतं. इंग्रजीत तोच फरक दाखवायला वाक्याच्या तोंडाशी वेगळा शब्द उभा करावा लागतो. म्हणून स्वतःचा निष्कर्ष एकदा मराठीत मोठ्याने बोलून पाहा. तोंडून 'असावं' आलं तर इंग्रजीत 'मे' किंवा 'सजेस्ट' हवं. 'आहे'च आलं तर मग जरूर ठाम लिहा.

अति सावधपणाही नको. 'इट मे पॉसिबली बी सजेस्टेड' म्हणजे एका डोक्यावर तीन टोप्या. आणि सावध लिहिणं म्हणजे भित्रं लिहिणंही नव्हे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला. विसाव्या शतकातला एवढा मोठा शोध, आणि पहिलं वाक्य सांगतं की आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. 'वी विश टू सजेस्ट'. जनुकीय माहितीची नक्कल कशी होत असेल त्याबद्दल तर शेवटी एवढंच, की एक संभाव्य यंत्रणा सुचते हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही.

'वी विश टू सजेस्ट' याच वाक्यात दुसरा एक गैरसमजही निकालात निघतो. 'वी' लिहू नका, ते अशास्त्रीय दिसतं, असं आपल्याकडे अजूनही शिकवतात. मग सगळीकडे 'इट वॉज फाउंड दॅट' येतं. मराठीत 'असे आढळून आले' चालून जातं. इंग्रजी निबंधात वाचक लगेच विचारतो, कुणाला आढळलं? तुम्हाला, की आधीच्या कुणाला? आधीच्या असेल तर संदर्भ कुठे? स्वतःचं काम असेल तिथे 'वी फाउंड' लिहिलं की हा घोळ संपतो. अर्थात तुमच्या नियतकालिकाला ते चालत नसेल तर प्रश्नच मिटला. आधी त्यांचे चार निबंध उघडून पाहा.

भारी शब्दांचा सोस

जीआरईच्या यादीतले 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड' वापरून निबंध वजनदार होत नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचे शैक्षणिक मजकूर गोळा करून २००० साली एक यादी छापली, 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट'. नेहमीच्या वापरातले दोन हजार शब्द वगळून, सगळ्या विद्याशाखांत पुन्हा पुन्हा भेटणारी ५७० शब्दकुटुंबं त्यात आहेत. कोणत्याही शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या यादीतून येतो. आणि आहेत कोणते शब्द? 'ॲनालाइज', 'ॲप्रोच', 'असेस', 'अझ्यूम', 'डेटा'. एकही डोळे दिपवणारा नाही.

हे शब्द सुटे पाठ करू नका, सोबतीसकट उचला. मराठीत एकटं 'करणे' ढीगभर कामं करतं: प्रयोग करणे, चूक करणे, संशोधन करणे, प्रयत्न करणे. इंग्रजीत प्रत्येकाचा जोडीदार वेगळा. एक्सपेरिमेंट 'कंडक्ट' होतं, मिस्टेक 'मेक' होते. निष्कर्ष मात्र आपण 'काढतो' आणि तेही 'ड्रॉ' करतात, तेवढं सुख.

'सिग्निफिकंट' हा शब्द 'महत्त्वाचं' या अर्थी वापरू नका. संख्याशास्त्राने तो कधीच ताब्यात घेतलाय. तुमच्या कोष्टकात 'पी'ची किंमत, म्हणजे संख्याशास्त्रीय चाचणीतून येणारा आकडा, नसेल तर परीक्षक ती मागेलच.

व्यवसायातल्या शब्दांचं हे असंच असतं. भाषा बरोबर असूनही निरोप पोचत नाही. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या ॲव्हिआंका कंपनीचं बोगोटाहून निघालेलं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कच्या वाटेवर एकूण तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. कप्तानाने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणीबाणी जाहीर कर. सहवैमानिक नियंत्रकांना म्हणाला, 'वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल'. व्याकरणाला बोट ठेवायला जागा नाही. पण सगळं बाजूला सारायला लावणारा 'इमर्जन्सी' हा शब्द त्यात नव्हता. विमान लाँग आयलंडवर कोसळलं आणि १५८ पैकी ७३ माणसं गेली. वैमानिक आणि नियंत्रकांच्या इंग्रजीसाठी आज सहा पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे आणि किमान चौथी पायरी गाठावीच लागते, त्यामागे अशा अपघातांचा इतिहास आहे.

दहा टक्क्यांची भीती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधीच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या चढत जातात. आकडा खाली आणण्यासाठी मग लोक शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला शरण जातात. ते 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल' करतं, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे खोटी शुद्ध! ही उदाहरणं माझ्या मनची नाहीत, छापून आलेल्या निबंधांत सापडलेली आहेत. कबानाक, लाबे आणि मगाझिनोव या तीन संशोधकांनी २०२१ मध्ये अशा छळलेल्या शब्दप्रयोगांचा माग काढला. आता तर शोधनिबंध यंत्रानेच चाळून असे शब्द हुडकले जातात. म्हणजे साम्य लपलं आणि लबाडी उघडी पडली.

पण बऱ्याच जणांची चूक लबाडीची नसतेच. मूळ वाक्य समोर ठेवून तीन शब्द बदलायचे, 'शोज'चं 'डिपिक्ट्स' करायचं, ही ठिगळजोड. लेखनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी तिला 'पॅचरायटिंग' म्हटलं. त्यांच्या मते नवख्या लेखकाच्या शिकण्यातली ती एक अवस्था आहे, सरसकट चोरी नव्हे. मला हे पटतं. आयोगाच्या आकड्याला मात्र अवस्था कळत नाही.

यावर मला लागू पडलेला उपाय एकच. परिच्छेद वाचा, खिडकी बंद करा आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मराठीत सांगा, यात काय म्हटलंय. सांगता आलं नाही तर ते कळलेलंच नव्हतं, परत वाचा. सांगता आलं की लगेच, मूळ न उघडता, इंग्रजीत लिहा. आकडे, नावं आणि संदर्भ शेवटी पडताळा. वेळ लागतो हे खरं. पण मार्गदर्शकांच्या खोलीबाहेर साम्याचा अहवाल घेऊन घाम पुसत उभं राहण्यापेक्षा कमी लागतो.

एआयकडून मजकूर 'पॉलिश' करून घेताना एकच गोष्ट बघा: दावा वाढला का? 'मे'चं 'विल' झालं, साधा फरक 'क्रुशल' झाला, तर ते वाक्य तुमचं उरलं नाही. आणि वापर केला असेल तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं सांगून टाका.

किरकोळ, पण खटकणाऱ्या

'रिसर्चेस', 'इक्विपमेंट्स', 'एव्हिडन्सेस' यांतला शेवटचा 'स' काढा. परदेशी वाचकांसाठी लाख-कोटी नको, स्वल्पविरामही १,००,००० ऐवजी १००,००० असा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही. एवढं सॉफ्टवेअरही पकडतं, त्यावर जीव टाकू नका.

पत्रव्यवहारात 'डू द नीडफुल' किंवा 'काइंडली रिव्हर्ट' हे अशुद्ध वगैरे नाही, भारतीय कचेरीचं इंग्रजी आहे आणि इथे सुखाने नांदतं. बाहेर मात्र एक शब्द खरोखर घात करतो: 'डाउट'. 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर मेथड' असं लिहिताना आपल्या मनात साधी शंका असते, विचारून घ्यायची. परदेशी प्राध्यापकाला ते अविश्वासासारखं ऐकू येतं. तिथे 'क्वेश्चन' लिहा.

आणि परीक्षकाला उत्तर देताना 'युअर व्हॅल्युएबल सजेशन'ची आरती प्रत्येक मुद्द्याला ओवाळू नका, सुरुवातीला एकदा आभार पुरे. त्याचा शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली काय बदललं ते लिहा आणि पान व ओळ क्रमांक द्या. पटलं नसेल तर कारणासकट तसंही लिहिता येतं, त्याने कुणी रागावत नाही. पुन्हा नुसतंच 'इंग्लिश' असं आलं तर संपादकांना मेल करून विचारा की कोणत्या तीन-चार जागी अर्थ लागला नाही. काही संपादक खरंच ओळी दाखवून देतात.