जॅझच्या नव्या एलपीचं परीक्षण नागपुरात बसून कसं करावं

आयात केलेली जॅझची एक नवी एलपी (मोठी व्हायनिल रेकॉर्ड) आज सहज 3,000-4,000 रुपयांच्या घरात जाते. तुमचं परीक्षण वाचून कोणीतरी ते पैसे मोजायचे की नाही हे ठरवणार असतो. त्यामुळे तीन गोष्टींचा निवाडा वेगवेगळा यायला हवा: कलाकारांनी काय वाजवलं, ध्वनिमुद्रण कसं झालं आणि कारखान्यातून रेकॉर्ड कशी निघाली. बहुतेक परीक्षणांत या तिन्हींची सरमिसळ होते. मग सुंदर वादनाला खराब प्रेसिंगची, म्हणजे कारखान्यातल्या छपाईची, शिक्षा होते, किंवा गुळगुळीत, जड रेकॉर्डवर सुमार वादन खपून जातं.

आधी टर्नटेबल तपासा

प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या, कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांचा वेग बरोबर असेल तर 3 मिनिटांत 100 फेरे होतात. स्ट्रोब डिस्क (दिव्याखाली वेग तपासायची रेघांची चकती) वापरत असाल तर ती 50 हर्ट्झची आहे ना, हे बघून घ्या. अमेरिकेतून आलेल्या काही डिस्क 60 हर्ट्झच्या असतात, आपल्याकडच्या विजेवर त्या चुकीचा वेग दाखवतात. सुईचा रेकॉर्डवरचा भार कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत ठेवा, सुई ब्रशने मागून पुढे साफ करा. परीक्षणात कार्ट्रिजचं नाव द्याच, वाचणाऱ्याला त्यावरून बराच अंदाज येतो.

कूलर बंद

एप्रिल ते जून नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, हे खरं. कूलर लावून जॅझ ऐकायला काहीच हरकत नाही, पण परीक्षण त्यात होत नाही. स्नेअर ड्रमवर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशची सळसळ, झांज वाजल्यानंतर हवेत रेंगाळणारी तिची शेपटी, ट्रम्पेटवाल्याने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास, हे सगळं कूलरच्या घरघरीखाली पहिल्यांदा दबतं. आणि रेकॉर्डवर पैसे खर्च करणारा माणूस नेमकं हेच ऐकायला बसतो. उन्हाळ्यात पहाटे 5 ते 7 ही वेळ धरा. रात्री उशिरापर्यंत स्लॅब तापलेला असतो आणि धरमपेठ-सीताबर्डीकडची रहदारीही लवकर थांबत नाही. फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींमुळे आपल्या खोल्या घुमतात, तेव्हा स्पीकरसमोर सतरंजी टाका, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच.

नवतपात कुरियरने आलेलं पार्सल लगेच वाजवू नका. दिवसभर गाडीत तापलेलं व्हायनिल वाकतं. पार्सल घरातल्या सगळ्यात थंड खोलीत आडवं, सपाट ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. रेकॉर्ड वाकलेली निघाली तर परीक्षणात तसं लिहा, पण ती मे महिन्यात आली हेही लिहा. तो दोष वाटेतल्या उन्हाचाही असू शकतो. वाजवण्याआधी रेकॉर्ड धुवा. नव्या रेकॉर्डवरही कारखान्यातली धूळ आणि कागदी पाकिटाचा भुगा असतो, शिवाय कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे टिकटिक वाढते.

पहिली बैठक फक्त संगीतासाठी

पहिल्यांदा ऐकताना वही बाजूला ठेवा. शास्त्रीय संगीतावर वाढलेल्या कानाला जॅझची रचना पकडणं जड जात नाही. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेक जण त्याच चालीवर आपला विस्तार करतो, शेवटी पुन्हा धून येते. पुष्कळ धुना 32 बारच्या असतात. बारमध्ये 4 मात्रा धरल्या तर हे 128 मात्रांचं एक आवर्तन झालं. सोलो चालू असताना मनात मूळ धून गुणगुणत राहा, म्हणजे वादक कुठे निसटला आणि कुठे परत आला हे उमगतं. आपला हात सवयीने समेवर जातो, इथे ड्रमरचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) बारच्या 2 आणि 4 या मात्रांवर मिटतो. तिथे टाळी देऊन बघा, स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीचा झोका, अंगात भिनायला वेळ लागत नाही.

पियानिस्ट सोलोवाल्याला जागा देतो की त्याच्या अंगावर येतो? बासवाला मात्रेच्या किंचित पुढे चालतो की मागे रेलून? वादनाचा निवाडा अशा प्रश्नांतून करा. एकामागून एक सोलो आले, पण कोणी कोणाचं ऐकत नव्हतं असं वाटलं, तर तसं स्पष्ट लिहा.

मग ध्वनिमुद्रण

दुसऱ्या बैठकीत वही घ्या. "आवाज उबदार आहे" किंवा "बेस भारी" यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. असं लिहा: "डबल बासच्या तारेवर बोट पडल्याचा ठोका स्वच्छ ऐकू येतो, पण खालच्या पट्टीत लागोपाठचे दोन सूर एकमेकांत मिसळतात." सॅक्सोफोन समोर उभा आहे की भिंतीला चिकटलाय? ड्रम्सचा संच खोलीभर पसरलाय का? तसा पसरला असेल तर ते चांगलं लक्षण नाही, कारण खऱ्या खोलीत ड्रमर एवढी जागा घेत नाही.

पुनर्मुद्रण असेल तर इतिहास माहीत असायला हवा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस आणि 60 च्या सुरुवातीला पुष्कळ स्टिरिओ जॅझमध्ये एक वाद्य पूर्ण डावीकडे, दुसरं पूर्ण उजवीकडे असे. तो त्या काळाच्या मिक्सिंगचा भाग आहे, नव्या प्रेसिंगचा दोष नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं उदाहरण घ्या. 1959 च्या पहिल्या सत्रात मुख्य टेप यंत्र किंचित संथ चाललं होतं, त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवल्यावर एलपीची पहिली बाजू कित्येक वर्षं थोडी चढ्या सुरात वाजत राहिली. 1992 मध्ये दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून दुरुस्ती झाली. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून लिहिणाऱ्याने हे सांगितलं नाही, तर वाचणाऱ्याचा गोंधळच उडेल. मास्टरिंग (रेकॉर्ड कापण्याआधी टेपवरच्या आवाजाची शेवटची जुळणी) कोणी केलं, ते मूळ टेपवरून थेट झालं की मध्ये डिजिटल टप्पा होता, हेही नोंदवा. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित पुनर्मुद्रण कंपनीच्या रेकॉर्डमध्ये असा टप्पा असल्याचं उघड झालं, तेव्हा तिचे ग्राहक संतापले होते. पण त्याच रेकॉर्ड आवाजासाठी वर्षानुवर्षं वाखाणल्या गेल्या होत्या, हेही विसरू नका. निवाडा कानाने करा, माहिती मात्र पूर्ण द्या.

शेवटी प्रेसिंग

इथे डोळेही लागतात. सुई रेकॉर्डवर असताना हेडशेलकडे, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या दांड्याच्या टोकाकडे, समोरून बघा. ते प्रत्येक फेऱ्याला डावीकडे-उजवीकडे डोलत असेल तर मधलं भोक केंद्रात नाही. याचा परिणाम पियानोच्या लांब सुरावर सगळ्यात आधी जाणवतो: दर 1.8 सेकंदांनी सूर हलकेच वर-खाली होतो. तानपुऱ्यावर घडलेला कान हे पटकन पकडतो.

दुसरी कसोटी बाजूच्या शेवटच्या गाण्यावर. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम 20. तेवढ्याच वेळाचं संगीत कमी लांबीत कोंबलं जातं, म्हणून झांजा आणि ट्रम्पेट तिथे फाटतात. पहिल्या आणि शेवटच्या गाण्यातली झांज लागोपाठ ऐका. फाटणं दिसलं तर आधी आपली कार्ट्रिज नीट बसवली आहे का ते तपासा, त्याच सेटवर चांगली माहीत असलेली दुसरी रेकॉर्ड वाजवा आणि मगच दोष लिहा. जड, 180 ग्रॅम वजनाची रेकॉर्ड म्हणजे चांगला आवाज असं समीकरण मांडू नका.

तोच अल्बम स्ट्रीमिंगवर ऐकून तुलना करणार असाल तर दोन्हींचा आवाज सारखा करा. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. त्यासाठी फोनवरचं डेसिबल मोजणारं साधं ॲप पुरतं.

प्रतीत दोष असेल तर विक्रेत्याकडे बदलून मागा. दुसऱ्या प्रतीवर तीच खरखर त्याच जागी आली, तर कारखान्याच्या साच्यावर बोट ठेवा. नाही आली तर तेवढंच लिहा की दोन प्रतींपैकी एक खराब होती.